हरवलेला फोन ठाण्यात वाजला

हरवला म्हणून अर्ज दिलेला मोबाईल पोलीस ठाण्यातच वाजला, ती बुधवारची सकाळ मी अजून विसरलेलो नाही. नोकरीत खून बघितले, दरोडे बघितले, दंगलीत दगड खाल्ले. पण त्या दोन दिवसांत छाती जशी धडधडली तशी पुन्हा कधी धडधडली नाही. 

नाव कुणाचंच सांगणार नाही. अशा मुलीची ओळख उघड करायला कायद्याची बंदी आहे, आणि नसती तरी मी केली नसती. मुलीच्या गावाचं नावही बदलून लिहितोय, तेव्हा कुणी शोधत बसू नये.

मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी झाली की केबिनमध्ये न जाता ठाणे अंमलदाराच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून अर्धा तास बसायचं, ही माझी जुनी सवय. माणूस ठाण्याची पायरी कशी चढतो ह्यावरून निम्मी तक्रार कळते. चोरी झालेला तावातावानं येतो. भांडून आलेला आधीच बोलत येतो. आणि बारकी तक्रार घेऊन जो परत परत येतो, त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी असतं.

त्या दोन मुली सोमवारी आल्या. मोबाईल हरवलाय, अर्ज कसा करायचा, एवढं विचारून गेल्या. मंगळवारी अर्ज घेऊन आल्या, तर घरच्या पत्त्याची जागा कोरी. अंमलदारांनी अर्ज परत दिला. बुधवारी साडेदहाला पुन्हा हजर! बोलायचं काम सगळं एकीकडं. ती शिवाजी पेठेतली, जैन व्यापारी घरातली, दुकानात गिऱ्हाईक सांभाळून तोंड चांगलं चालू झालेलं. दुसरी गप्प. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची, परत गुंडाळायची. ती कोडोलीची, शेतकऱ्याची मुलगी, पदवीच्या शेवटच्या वर्षाला. ह्या मैत्रिणीच्या आत्याकडं वरच्या खोलीत भाड्यानं राहायची.

"काका, घरचा पत्ता द्यायलाच लागतोय व्हय?" मैत्रिणीनं विचारलं. "घरी कोण चौकशीला जातंय काय?"

"पत्त्याबगर अर्ज हुतोय व्हय गं?" आमचे अंमलदार म्हणाले. वीस वर्षं नोकरी झालेले हवालदार, मिशी भारी, आवाज त्याहून भारी.

आणि तेवढ्यात मैत्रिणीच्या पिशवीत फोन वाजला. तिनं गडबडीनं बाहेर काढला. निळं कव्हर, कोपऱ्याला तडा. अर्जात वर्णन लिहिलं होतं तोच! पडद्यावर नाव आलं होतं, 'आप्पा'. गप्प मुलीनं ते नाव बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"आरं तिच्या!" हवालदार उभेच राहिले. "ह्यो हरवलाय व्हय? खोटी तक्रार देतायसा? पोलीस ठाणं म्हंजे काय खेळ वाटला?"

"हवालदार," मी म्हणालो, "चहा सांगा चार."

ते माझ्याकडं बघतच राहिले. मी त्या मुलीला विचारलं, "बाळ, फोनचं राहू दे. दुसरं काय झालंय?"

फोन वाजून वाजून बंद झाला. मग ती पहिल्यांदा बोलली. "साहेब, घरी कळणार न्हाय न्हवं?"

 हाच प्रश्न मी नोकरीच्या सुरुवातीला एकदा ऐकला होता. तेव्हा मी नवा, हुशारी फार. म्हटलं, समजूतदार बाप आहे, बोलावून घेऊ. बाप आला, मुलीला दंडाला धरून घेऊन गेला. तक्रारही गेली आणि तिचं कॉलेजही गेलं. ते माझ्या हातून झालं. कुणी मला दोष दिला नाही, म्हणून ते जास्तच सलत राहिलं. आता तोच प्रश्न पुन्हा समोर उभा होता, आणि ह्यावेळी चुकायचं नाही एवढंच डोक्यात घुमत होतं.

"तू एकोणीस-वीस वर्षांची असशील. सज्ञान आहेस," मी म्हणालो. "तक्रार तुझी. आईवडलांची सही लागत नाही, परवानगी लागत नाही. तुझ्या तोंडातून गेल्याशिवाय ह्या ठाण्यातून तुझ्या घरी शब्द जाणार नाही."

ह्यापुढं मी तिला एकही प्रश्न विचारला नाही. आमच्या महिला उपनिरीक्षक मॅडमना बोलावलं. ऐन तिशीतली बाई, बोलणं कमी, कान मोठे. त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "तुला कुठं बसून बोलायचंय?" जबाब ठाण्यातच व्हायला पाहिजे असं नाही. मुलगी सांगेल तिथं, महिला अधिकाऱ्यानं घ्यायचा, सोबत तिचं विश्वासाचं माणूस बसवायचं. मुलगी म्हणाली, आत्याच्या माडीवर. मॅडम साध्या सलवार-कमीजमध्ये रिक्षानं गेल्या. गल्लीत कुणाला पत्ता लागला नाही.

दोन तासांनी मॅडमचा फोन आला. रविवारी दुपारची गोष्ट. कॉलेजच्या गॅदरिंगची तालीम घ्यायला एक माजी विद्यार्थी यायचा. पैसेवाल्या घरचा, बोलण्यात गोड. आज तालीम हुपरीकडच्या शेतघरावर आहे, बाकीचे पुढं गेलेत, असं सांगून त्यानं तिला गाडीत घेतलं. तिथं दुसरं कुणी नव्हतंच. तिथं त्यानं तिच्यावर जबरदस्ती केली. वर धमकी दिली, बोललीस तर कोडोलीत तुझ्या बापाला सांगीन, तूच आलतीस म्हणून.

त्याच्या हातात शस्त्र होतं ते एवढंच. बापाला सांगीन! आणि ते शस्त्र चालत होतं. चार भावंडांत शिकायला बाहेर पडलेली ही पहिली. घरी कळलं तर परीक्षा राहिली बाजूला, बोचकं बांधून परत, ही तिची पक्की खात्री. परीक्षा महिन्यावर आली होती.

मी गुन्हा नोंदवायला सांगितला. हवालदार डोकं खाजवत आले. "साहेब, घडलंय हुपरीकडं. हद्द आपली न्हाय."

"हद्द बघायला ती सर्व्हेअरकडं आलेली नाही," मी ओरडलो. ओरडायला नको होतं, पण वेळ पळत होता. "शून्य क्रमांकानं घ्या. पहिली खबर आपल्याकडं, कागद मागनं पाठवू." गुन्हा कुठंही घडो, कुठल्याही ठाण्यानं तक्रार घ्यायचीच असते. हद्दीच्या नावाखाली माणसाला या दारातनं त्या दारात पाठवायचं हा आमच्या खात्याचा जुना रोग आहे, मी मान्य करतो. वरिष्ठांना फोन लावला. त्यांनी दोन्ही ठाण्यांचं पथक करून तपास आमच्या मॅडमकडंच ठेवला.

तिथून सरकारी दवाखाना. रविवार दुपार ते बुधवार दुपार, तीन दिवस होत आलेले; ह्यापुढं अंगावरचे पुरावे पुसले जातात. मी घड्याळ बघत बाहेर येरझाऱ्या घालत होतो. आत मॅडम होत्या, त्यांच्याकडून कळलं. डॉक्टर बाईंनी तिला आधी सांगितलं, "उपचार फुकट हायत, आणि पोलिसांत जा न जा, उपचार मिळणारच. तपासणी तू व्हय म्हणालीस तरच. मधीच नको म्हणालीस तर मी थांबणार." मग कपड्यांचा विषय निघाला. मुलगी म्हणाली, हात लावू वाटेना म्हणून धुतलेच नाहीत, पेपरात गुंडाळून पेटीच्या तळाला टाकलेत. मी टाळी वाजवायचा राहिलो! प्लॅस्टिकच्या पिशवीत असते तर ओल धरून खराब झाले असते. कागदात होते म्हणून टिकले. पंचनामा करून सील केले.

त्याच संध्याकाळी मैत्रिणीनं मॅडमना विचारलं, "मॅडम, कॉलेजच्या समितीकडं अर्ज दिला तर चालतोय काय? का एकच कायतरी करायचं?" दोन्ही करता येतं. पोलीस गुन्ह्याचं बघतात. कॉलेजची तक्रार समिती त्याला आवारात यायला बंदी करू शकते, हिची हजेरी, परीक्षेची जागा सांभाळू शकते. समितीच्या प्राध्यापिका रागीट निघाल्या, चांगल्या अर्थानं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा प्रवेश बंद झाला. समुपदेशक ताई गाठून दिल्या. सरकारी मदतीतून वकीलही मिळतो हे कळलं तेव्हा मुलीनं विचारलं, "हे सगळं आदीच कुणी कसं सांगिटलं न्हाय?"  

गुरुवारी सकाळी तो ताब्यात आला. कडक इस्त्री, केस बसवलेले. बाहेरच्या बाकावर त्याचे वडील आणि एक पांढरे कपडे घातलेले मध्यस्थ. आमच्याकडं प्रत्येक भानगडीत असा एक मध्यस्थ असतो, बोलण्याआधी खाकरणारा.

"साहेब, मी रविवारी दुपारी मॅच बघाय गेलतो," तो म्हणाला. "दोस्त साक्षीला हाय."

कोल्हापुरात फुटबॉल म्हणजे काय ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दोन तालमींचे, म्हणजे पेठांतल्या मंडळांचे, संघ उतरले की पेठा रिकाम्या होतात. त्या रविवारी खरंच मोठी मॅच होती. मी स्वतः बंदोबस्ताला होतो. मी खुर्ची पुढं ओढली.

"मग सांग की! काय मॅच झाली राव! पहिला गोल कसा झाला?"

तो खुलला. कॉर्नर कसा आला, डोक्यानं कसा मारला, शेवटच्या पाच मिनिटांत बरोबरी कशी झाली. सगळं बरोबर! मोबाईलवर अख्खी मॅच बघून आला होता. मी माना डोलवत होतो. पट्ठ्या सुटतोय की काय?

"आणि बसलेलास कुठं?" मी सहज विचारलं.

"आमची कायमची जागा की साहेब. पश्चिमेच्या गॅलरीत, वरच्या पायऱ्यांवर. ल्हानपणापास्नं तिथंच बसतोय."

मी उठलो, पाणी पिऊन येतो म्हणालो, आणि बाहेर येऊन भिंतीवर मूठ आपटली. मॅडम धावत आल्या. "काय झालं सर?"

"घावला!" मी म्हणालो. "बंदोबस्ताची फाईल आणा!"

आमच्याकडं प्रत्येक संघाच्या पाठीराख्यांची गॅलरी ठरलेली असते. बापाची जागा मुलगा चालवतो. पण मागच्या मॅचला दगडफेक झाली होती, म्हणून त्या रविवारी, एका दिवसापुरती, आम्ही दोन्ही गॅलऱ्यांची अदलाबदल केली होती. आदेशावर सही माझी! पश्चिमेला त्या दिवशी समोरच्या संघाची पोरं होती. मोबाईलवर गोल दिसतात, गॅलरीत कोण बसलंय ते दिसत नाही. आणि मैदानावर गेलेला माणूस ही अदलाबदल जन्मात विसरला नसता, कारण गेटवर त्यावरूनच केवढा दंगा झाला होता. दुसऱ्या खोलीत त्याच्या दोस्ताला विचारलं. तोही म्हणाला, "पश्चिमेला, कायमच्या जागेवर."

मी आदेशाचा कागद त्याच्यापुढं ठेवला. "वाच. तू त्या दिवशी पश्चिमेला बसला असतास तर हाडं गोळा करून घरी न्यावं लागलं असतं तुला."

त्यानं कागद दोनदा वाचला. इस्त्रीच्या कॉलरखाली घाम फुटला. दोस्त तर पाच मिनिटांत रडायलाच लागला. त्याला फोन करून असं सांग म्हणून पढवलं होतं. हुपरीला गेलेल्या पथकाचाही फोन आला. तिथं घरोघरी चांदीचं काम, त्यामुळं दारोदारी कॅमेरे. एका कारखान्याच्या कॅमेऱ्यात रविवारी दुपारी ह्याची गाडी शेतघराच्या वाटेला वळताना आणि पुढं ती मुलगी बसलेली स्पष्ट दिसत होती.

मध्यस्थ माझ्यापुढं येऊन खाकरला. "साहेब, पोरगीचं नाव खराब हुईल. बसून मिटवू या की."

"ह्या गुन्ह्यात मिटवायला बसायची सतरंजी आमच्याकडं नाही."

"मग आम्ही तिच्या बापालाच भेटतो. त्येला तर अब्रू असंल." आणि तो मध्यस्थ आणि त्या पोराचे वडील तरातरा निघाले. बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. कोडोली! मी त्या मुलीला शब्द दिला होता.

मॅडमना घेऊन मी आत्याच्या माडीवर गेलो. घडलं ते मुलीला सांगितलं. "त्यांना आम्ही अडवतो," म्हणालो. "धमकीची वेगळी कारवाई करतो."

ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग वळली. "आज अडवशीला साहेब. उद्या दुसऱ्याला पाठवतील. त्यांच्या आदी मीच सांगतो आप्पांना." आमच्याकडच्या पोरी मुलांसारखंच सांगतो-जातो म्हणतात. पण त्या दिवशी तो शब्द मला फार मोठा वाटला.

माझी स्वतःची गाडी काढली. मी साध्या कपड्यात, शेजारी मैत्रीण, मागं मॅडम आणि ती. उसाचा हंगाम. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या हत्तीसारख्या डुलत चाललेल्या. पुढं, चौथ्या ट्रॉलीच्या मागं, त्यांची पांढरी गाडी दिसली! मी हॉर्न वाजवून वाजवून हैराण. पुढं जायला फट नाही.

"साहेब, डावीकडं घ्या!" मागून त्या मुलीचा आवाज आला. "डेअरीच्या मागनं वाट हाय. घ्या घ्या, जातीय गाडी!"

मी स्टिअरिंग फिरवलं. बांधावरून गाडी अशी आदळली की मैत्रिणीचं डोकं टपाला लागलं. "आगं, मारतीस काय!" ती ओरडली, आणि मागं ती मुलगी चक्क हसली. चार दिवसांत पहिल्यांदा.

गोठ्यात आप्पा म्हशींना वैरण टाकत होते. सुट्टी नसताना मुलीला अशी आडवारी आलेली बघून म्हणाले, "फोन का उचलत न्हाईस गं? जीव टांगणीला लागलाय आमचा." मग मॅडमना बघितलं, मला बघितलं, आणि थांबले.

मी लांब उभा राहिलो. ती त्यांच्याजवळ गेली. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. एवढंच दिसत होतं की त्यांच्या हातातली वैरणीची पेंडी हातातच राहिली, आणि म्हैस मान लांब करून ती ओढत होती.  तो जुना बाप डोळ्यांपुढं येत होता. ह्या माणसानं दंडाला धरलं तर मी काय करणार?

आप्पांनी पेंडी म्हशीपुढं टाकली. धोतराला हात पुसले. मुलीच्या डोक्यावर हात ठेवला आणि घोगऱ्या आवाजात विचारलं, "पेपर कवापास्नं हायत तुझं?"

मला रडू आलं. लपवत नाही, आलं.

तेवढ्यात पांढरी गाडी दारात थांबली. मध्यस्थ उतरला, खाकरला. "राम राम. तुमच्या मुलीबद्दल जरा कानावर घालायचं होतं..."

"पावणं," आप्पा म्हणाले, "माझ्या पोरीनं मला समदं सांगिटलंय. आता तुमी काय नवीन सांगणार? दारातनंच माघारी फिरा, न्हायतर म्हशी सोडतो अंगावर."

त्या माणसांचं तोंड बघण्यासारखं झालं! मी पुढं झालो, तेव्हा त्यांनी मला ओळखलं. साक्षीदाराला धमकावल्याची नोंद त्याच दिवशी त्यांच्यावर वेगळी झाली.

सगळ्या मुलींच्या नशिबी असे आप्पा नसतात, हे मी जाणून आहे. म्हणून तर सांगतो, घरी सांगायचं की नाही, कधी सांगायचं, हे त्या मुलीनं ठरवायचं. पोलिसांनी नाही, मध्यस्थांनी तर मुळीच नाही. आम्ही आयुष्यभर आरोपी कसा धरायचा ते शिकतो. तक्रारदाराला तिचाच निर्णय तिच्या हातात कसा राहू द्यायचा, हे मला त्या मुलीनं दोन दिवसांत शिकवलं. आणि तिच्या मैत्रिणीनंही. तिनं काय झालं म्हणून खोदून विचारलं नाही, ठाण्यातून घरी कळतं का ते चाचपायला खोटा अर्ज का होईना, पण हात धरून तीन दिवस ठाण्याची पायरी चढवली. पुढं त्याला शिक्षा लागली. वेळ लागला, पण लागली.

परीक्षा सुरू झाली त्या दिवशी दुपारी ती ठाण्यात आली. त्या बुधवारी टेबलावर राहिलेला हरवलेल्या मोबाईलचा अर्ज हवालदारांनी नोंदीत चढवला होता, तो तसाच लोंबकळत होता, तो निकाली काढायला तिची सही हवी होती. हवालदारांनी खुर्ची पुसून दिली, रजिस्टर उघडलं, शेऱ्यात लिहिलं, 'मोबाईल मिळाला.' ती सही करत होती तोच फोन वाजला. निळं कव्हर, कोपऱ्याला तडा.

तिनं पेन ठेवलं आणि पहिल्या रिंगला उचलला. "व्हय आप्पा. सोपा गेला की. जेवून येतो."

हवालदार खिडकीकडं तोंड करून उभे होते. बराच वेळ त्यांनी वळून बघितलं नाही.